फोटोची उचल

छावणी, तलवाडा रोड
१४ फेब्रुवारी २०१६

अयोध्ये,

आशीर्वाद लिहायची रीत हाय म्हणून लिहिला. पायजे तर घे, नको तर राहू दे.

फोन तू उचलत न्हाईस. तुझी अंबाजोगाईची मावशी उचलती आन म्हणती, "ती झोपली हाय." सकाळी दहाला झोपली, दुपारी चारला झोपली. एवढी झोप मला साऱ्या जन्मात मिळाली न्हाई. म्हणून पत्र. फोन कट करता येतो, पोस्टमन कट होत न्हाई. फाडलंस तरी आधी पाकिटावरचं अक्षर बघशील, आन असलं कोंबडीच्या पायाचं अक्षर सगळ्या गोतात माझ्या एकटीचं. साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं. पाटी मी उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत नेलती, तवा बाया हसल्या होत्या.

मी दोन्ही गाया घेऊन छावणीत राहते. गावात माणसाला टँकर चार दिवसांनी, हितं जनावराला पाणी रोज. म्हणून निम्मं गाव जनावरात येऊन पडलंय. वर शेडनेट, खाली शेण, मधी आमी. सकाळी चाऱ्याची रांग लागती. रांगेच्या डोक्यावर दूध संघाचं बॅनर हाय, त्यावर तू. गळ्यात मेडल, दोन्ही पाय जमिनीच्या वर. खाली लिहिलंय, "ताकद आपल्या मातीची, दूध आपल्या संघाचं." माती लई हाय. दूध मातूर नगरकडून येतं, पिशवी तेवढी आपली. पिशवीवर बी तूच. काल शेजारच्या दावणीची बायनाबाई मला म्हणली, "छबुकाकू, तुमच्या नातीला रोज कात्रीनं कापून च्या करते बघा." मी म्हणले, कर बाई, आमच्या घरी कोराच असतो.

तुझा पाय मोडला तवा तुझा बाप आश्रुबा दवाखान्यात तीन दिवस थांबला. चौथ्या दिवशी मुकादमाचा फोन आला, "कोयता बंद पडलाय, तुझी बायको एकटी काय तोडंल." गेला. त्याला बोल लावू नको. तू शाळेत बसलीस, तुला फड ठाऊक न्हाई. दिवाळीच्या आधी मुकादमाच्या हातून पैका उचलला, की उन्हाळ्यापर्यंत ऊस तोडून तो फेडायचा. ताप असू दे, बाळंतीण असू दे, मयत असू दे. फिटला न्हाई तर पुढल्या साली परत. उचल घेतलेला माणूस बापबिप नसतो. कोयता असतो.

तुमच्या खेळाच्या उत्तरेश्वर सरांना शाळेनं घरी बसवलं. तुझी नडगी दुखती हे माहीत असून राज्याच्या स्पर्धेला पळायला लावलं, म्हणून. एप्रिलात चौकशी हाय. तुझा जबाब गेला म्हणतात. मला कुणी विचारलं न्हाई. मी बोलले न्हाई. मी कावून बोलू?

संघाची फेड अजून दीड वर्षाची राहिली. ती कशी फेडायची ते मी बघते. तू पाय बघ.

छबुबाई, म्हणजे तुझी आजी, विसरली असशील तर


छावणी
१ मार्च २०१६

अयोध्ये,

तू मावशीला म्हणलीस म्हणं, "आजीनं मला इकलं." मावशीनं ते मला तिखटमीठ लावून पोचवलं. आता माझं ऐक, मग पायजे ते म्हण.

गेल्या आषाढात तू विभागात पयली आलीस. तीन हजार मीटर, तुझ्या मागची पोरगी अर्धा फेरा लांब. त्याच आठवड्यात तुझ्या बापानं मांजरसुंब्याकडचा पोरगा बघून ठेवला होता, हे तुला कुणी सांगितलं न्हाई. पोरगा एकटा फडावर गेला तर मुकादम त्याला अर्धा कोयता धरतो. बायको आणली की पुरा. त्या पोराला पुरा कोयता व्हायचं होतं, बस. तू दहावीत होतीस. तुझी आई चुलीपुढं बसून म्हणली, "आपल्यात सगळ्यांचं असंच झालं." सगळ्यांचं असंच झालं हे खरं हाय, म्हणून तर मला राग आला.

तेवढ्यात संघाचे मॅनेजर आप्पाराव गाडी घेऊन आले. संघावर तवा गावाचा भरवसा राहिला नव्हता. निम्म्या दावणी रिकाम्या, संघाची गाडी दूध घ्यायला यायची आन मोकळी जायची. त्यांना एक तोंड पायजे होतं, लोकांनी ओळखावं असं. म्हणले, "आजी, पोरीचा फोटो पिशवीवर टाकतो. दोन वर्षांचे पैसे एकदमच देतो. आईबाप निम्मं वर्ष इथं नसतात, तर पालक म्हणून तुम्ही सही करा."

मी इचारलं, "काम कवापासून?"

ते हसले. "कामच चालू आहे की. ती पळते ना."

मी सही केली. निम्मे पैसे तुझ्या बापाला दिले आन म्हणले, ह्या पैशात पोरीची दोन वर्षं माझी. लगीन काढलंस तर दारात उभा करणार न्हाई. निम्मे पोस्टात तुझ्या नावानं हायत. हे इकणं असंल तर मी इकलं. मुकादमानं तुला अर्ध्या किमतीत नेलं असतं.

मग हेडमास्तर अर्जुनराव आले. धोतराचा सोगा सावरत ओट्यावर बसले, पाणी मागितलं. दुष्काळात पाणी मागणारा माणूस मला आधीच आवडत न्हाई.

"छबुबाई, शाळेतल्या मुलांनी पैशासाठी खेळू नये. खेळाचं पावित्र्य जातं."

मी म्हणले, "तुमच्या शाळेतल्या चाळीस पोरी दिवाळीनंतर पैशासाठी ऊस तोडायला जातात. तवा कशाचं पावित्र्य जातं?"

"तो विषय वेगळा आहे."

"वेगळाच हाय. तिथं हार घालायला कुणी येत न्हाई."

ते म्हणले, पैसा आला की पोरांचं मन बिघडतं, दुसऱ्या पोरांना वाईट वाटतं, उद्या कुणी पोरं विकत घेईल. ह्यातलं शेवटचं मला खोटं वाटलं न्हाई, पण मी तसं बोलून दाखवलं न्हाई. मी म्हणले, शाळेच्या भिंतीवर माझ्या नातीचा फोटो लावून "प्रवेश सुरू" लिहिलं ते कुणाला इचारून? साखर कारखान्याच्या चेअरमनच्या वाढदिवसाच्या बॅनरवर ती हात जोडून उभी हाय, ती कवा जोडली होती हात? सगळ्यांनी फुकट लावला तवर खेळ पवित्र होता. पैसे मागितले की आमीच बाटलो.

हेडमास्तर पाणी न पिता उठले. तांब्या मी परत रांजणात ओतला.

हे सगळं मी आजही तसंच बोलंल. पोरीच्या घामावर सगळी दुनिया पोट भरती तर पोरीनं कावून भरू नये. ह्यात मी चुकले न्हाई. दुसरं काही असंल तर असंल.

छबुबाई


छावणी
१९ मार्च २०१६

अयोध्ये,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ लिहिलीस. "आजी, सर खरंच म्हणाले होते का पळायला? एवढंच सांग." पन्नास पैशाचं कार्ड, एवढी जागा कोरी सोडली. मी असते तर कडेकडेनं बी लिहिलं असतं.

तू एक इचारलंस, मी आधी दुसरं सांगते.

तुझ्या बापाच्या पाठीवर मला पोरगी झाली होती. फडावर झाली, कोल्हापूरकडं, कोपीत. चौथ्या दिवशी मी मोळी उचलली. तुझा आजा धोंडीराम म्हणला, "अजून दोन दिस पड." मुकादम बाहेर उभा होता, काहीच बोलला न्हाई. नुसता उभा. मी उठले. तिसऱ्या आठवड्यात पोरगी गेली, आन दुपारी आमी परत फडात होतो. कुणी आमाला मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई. उचल घेतली होती, एवढंच.

आन माझी जाऊ. तिनं एक हंगाम तापात काढला. मुकादम गोड बोलला, "राहू द्या, वैनी, जीव मोठा." पुढल्या साली दारातनं बैलजोडी सोडून नेली. तवापासून मला कळलं, पैसा आधी दिलेला माणूस "काय हरकत न्हाई" म्हणला की समजावं, दावं सुटलं.

हे मी तुला कावून सांगते ते तुझं तू बघ.

तुझी मावशी सांगत होती, डॉक्टर म्हणले सळई आत राहणार, चालता येईल, पळता यायचं न्हाई. मग संघाची फेड मी करणार. परवा जाते आप्पाराव साहेबांकडं. संघाचा गोठा हाय, शंभर जनावरं हायत, शेण काढायला माणूस लागतोच. दीड वर्ष शेण काढलं की फिटलं. माझं कंबरडं मोडलेलं हाय, पण शेणाला कंबरडंच लागतं, पळावं लागत न्हाई.

तू इचारलेलं पुढच्या पत्रात लिहिते. घाई कसली हाय?

छबुबाई


छावणी
२६ मार्च २०१६

अयोध्ये,

संघात जाऊन आले. काम न्हाई म्हणले.

ऊन लई हाय. लाल गाय आडवी झालती, डॉक्टरनं सुई दिली, उठली. मावशीला म्हणावं पायाखाली उशी दे.

छबुबाई


छावणी
१० एप्रिल २०१६

अयोध्ये,

दोन आठवडे झाले, कागद पुढं घेते आन गाईला पाणी दाखवायला उठते. गाईला बी कंटाळा आला. आज लिहून टाकते.

संघात गेले तो दिवस असा झाला. आप्पाराव साहेब पंख्याखाली बसले होते. मला बघून उठून उभे राहिले. तुझा पाय कसा हाय म्हणून इचारलं, शिपायाला पाणी आणायला लावलं. मी म्हणले, "साहेब, पोरगी आता पळायची न्हाई. दीड वर्षाची फेड राहिली हाय. मी बदली आले. गोठ्यात लावा."

ते बघतच राहिले. "कसली फेड, आजी?"

"तुमी दोन वर्षांचे आधी दिलेत. ती सहाच महिने पळली."

"आजी, बसा तुम्ही." त्यांनी कपाटातनं करार काढला आन एकेक ओळ बोट ठेवून वाचला. फोटो पिशवीवर दोन वर्षं. फोटो बॅनरवर दोन वर्षं. वर्षातनं दोन कार्यक्रमाला हजर राहायचं, येणंजाणं संघाकडं. मी म्हणले, पळायचं कुठं लिहिलंय ते वाचा. ते म्हणले, "पळायचं कुठंच नाही. ती पळो, बसो, झोपो. पैसे फोटोचे आहेत. फोटो आम्ही वापरतोय. तुमचं आमचं फिटलेलंच आहे."

मी म्हणले, "मग न पळल्यावर तुमी काय केलं असतं?"

"काय करणार? सरांनी जानेवारीतच फोन केला होता, डॉक्टरांनी दीड महिना आराम सांगितलाय, ती स्पर्धेला उतरणार नाही. मी म्हणालो, काही हरकत नाही, पाय सांभाळा." मग तेच म्हणले, "नंतर सरांनी विचार बदलला असेल, मला काय माहीत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. ते म्हणले, "आजी, हे मी चौकशीत बोलणार नाही. आमचे चेअरमन म्हणालेत, संघाचं नाव त्यात येऊ द्यायचं नाही."

शिपायानं पाणी आणलं ते मी पिले न्हाई. सहा मैल चालत आले.

आता तू इचारलेलं. सर म्हणले नव्हते.

सर म्हणले होते, पळायचं न्हाई. स्पर्धेच्या तीन दिवस आधी आपल्या घरी आले. तू पाण्याच्या लायनीत होतीस. त्यांना पोरांची कबड्डीची टीम घेऊन नांदेडला जायचं होतं, तुमा पोरींसंगं शाळेतल्या बाई जाणार होत्या. यादीत तुझं नाव आधीच गेलेलं. त्यांनी चिठ्ठी लिहून आणली होती, खाली पालकाच्या सहीला जागा सोडलेली. म्हणले, "आजी, सही करा, अयोध्या ती बाईंना देईल. ती फक्त बसायला जाईल, मैत्रिणींना टाळ्या वाजवायला. संघाला मी सांगितलंय, त्यांची काही हरकत नाही."

काही हरकत नाही. मी तेवढंच ऐकलं. मला जावेच्या बैलजोडीचं सुटलेलं दावं दिसलं. मला वाटलं, सर पगारी माणूस, त्यांना काय कळतंय. ते घरी जातील आन संघाची गाडी माझ्या दारात यील. पैसे मागतील. निम्मे तुझ्या बापानं खाल्लेले. मग तो म्हणंल, दे पोरीला त्या मांजरसुंब्याच्या पोराला, उचल घे, संघाला फेड. सगळं मला चुलीपुढं बसल्या जागी दिसलं.

चिठ्ठी मी चुलीत घातली. तू हंडा घेऊन आलीस, तवा मी म्हणले, "सर आलते. म्हणले, पळ. संघाची माणसं बघायला येणार हायत."

तू म्हणलीस, "पण डॉक्टर?"

मी म्हणले, "डॉक्टरपेक्षा सरांना जास्त कळतं."

तू इचारलंस, "खरंच म्हणले का, आजी?" मी म्हणले, मी खोटं बोलंल का.

आन अजून एक हाय, ते तुला ठाऊक न्हाई. जायच्या दिवशी सकाळी तू दारात चप्पल घालत होतीस. डाव्या पायात घालताना तू भिंत धरलीस. तोंड वाकडं केलंस आन मी बघते का म्हणून मागं बघितलंस. मी बघितलं होतं. मी मान वळवून भाकऱ्या बांधायला लागले. त्या येळेला एक शब्द बोलले असते तरी झालं असतं.

बाईंनी सांगितलं मला नंतर. पाचव्या फेरीला आवाज आला म्हणं, वाळलं लाकूड मोडल्यागत, आन तू त्याच पायावर अजून चार पावलं टाकलीस.

दवाखान्यात सर आले, तुझ्या बापापुढं हात जोडून म्हणले, मी असं सांगितलंच नव्हतं. तुझा बाप माझ्याकडं वळला. तू खाटेवरनं माझ्याकडं बघत होतीस. मी म्हणले, "सर खोटं बोलतात." तवा अजून मला वाटत होतं, फेड बाकी हाय, आन दोष माझ्यावर आला तर संघापुढं मी कुठल्या तोंडानं उभी राहू. कामापायी मोडली म्हणलं तर मुकादमसुद्धा थोडं सोडतो. घरच्यांनी मोडली म्हणलं तर सोडत न्हाई.

हे झालं. माफी मागत न्हाई. मागायला काहीतरी परत देण्यासारखं लागतं.

चौकशी २८ तारखेला हाय.

छबुबाई


छावणी
३० एप्रिल २०१६

अयोध्ये,

परवा शाळेत जाऊन आले.

वर्गात तीन खुर्च्या लावल्या होत्या. मधी संस्थेचे सचिव, डाव्या हाताला हेडमास्तर, तिसरा एक जण मोबाईल बघत होता, त्याचं नाव कुणी सांगितलं न्हाई. सर बाहेर व्हरांड्यात पोरांच्या बाकावर बसले होते, गुडघे छातीला लागलेले. मला बघून उठले. त्यांची बायको आता बीडला कुणाच्या तरी घरी शिलाई करते म्हणं. सर लई वाळलेत.

मला बोलावलं नव्हतं. शिपाई म्हणला, "आजी, तुमचं नाव यादीत न्हाई." मी म्हणले, माझं नाव कुठल्याच यादीत नसतं, सरक.

मी उभ्यानंच सांगितलं. तुला लिहिलं तेच. चुलीतली चिठ्ठी, चप्पल, दवाखाना. मोबाईलवाल्यानं सुद्धा मोबाईल खाली ठेवला.

सचिव म्हणले, "बाई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? तुमच्यावर केस होऊ शकते."

"करा. जेलात पाणी तरी रोज आसंल."

"पुरावा काय? चिठ्ठी तर तुम्ही जाळली म्हणता."

मी म्हणले, "पुरावा म्हणजे मी. सत्तर वर्षाची बाई स्वतःच्या अंगावर असलं खोटं कशाला घेईल? सरांनी मला काय दिलं? पगार तर तुमी बंद केला त्यांचा." मग मी सांगितलं, संघाच्या मॅनेजरला इचारा, सरांचा फोन त्यांना आलता. सचिवांनी हेडमास्तरकडं बघितलं. संघाचे चेअरमन ह्याच संस्थेवर हायत, हे मला मागाहून कळलं. ते म्हणले, "संघाला विचारायची गरज नाही. तुमचा जबाब पुरे." लेखणी दिली. मी लिहिलं. अर्धा तास लागला. हेडमास्तर दोनदा म्हणले, "मी लिहितो, तुम्ही फक्त अंगठा द्या." मी म्हणले, तुमी लिहिलेलं तुमचं होईल.

मग हेडमास्तरांना राहवलं न्हाई. "छबुबाई, मी तेव्हाच सांगितलं होतं. पैशामुळेच झालं हे. पोरीनं पैसे घेतले नसते तर आज पळत असती."

मी म्हणले, "पैसे घेतले नसते तर आज ती फडावर असती, पोटात पोर घेऊन. तुमच्या शाळेच्या भिंतीवर पळत असती, तेवढं खरं हाय." पण रस्त्यात येताना मी त्यांच्याच बोलण्याचा इचार करत आले. पोरांना पैसे मिळावेत, हे मी मरेपर्यंत म्हणंल. पण देताना ते माझ्यासारखीच्या हातात देऊ नयेत. जिनं उचलीशिवाय दुसरा पैसाच बघितला न्हाई, तिच्या हातात कुठलाही पैसा दिला तर ती घरातल्यांना फडावर काढती. कुणीतरी करार आधी वाचून दाखवायला पायजे होता. पोरीला बी, तिच्या म्हातारीला बी. आप्पाराव साहेबांनी तो नंतर वाचला, अगदी झकास वाचला.

बाहेर सर उभे होते. त्यांना आतलं सगळं ऐकू गेलं होतं. मी पुढं होऊन उभी राहिले, मला वाटलं शिव्या देतील. ते म्हणले, "आजी, मला एकदा फोन करून विचारायचं तरी."

मी म्हणले, "तुमी खरं सांगितलं असतं. मला ते खरं वाटलं नसतं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणले, "अयोध्येला सांगा..." काय सांगायचं ते त्यांना सापडलं न्हाई, म्हणून मी बी काही सांगत न्हाई.

छबुबाई


छावणी
२२ मे २०१६

अयोध्ये,

सरांना परत घेतलं. पण ह्या शाळेत न्हाई, संस्थेची दुसरी शाळा हाय सिरसाळ्याकडं, तिथं टाकलं. मैदान न्हाई तिथं, म्हणतात. हेडमास्तरांनी शाळेत कागद लावला, कुठल्याही विद्यार्थ्यानं जाहिरातीचे पैसे घेऊ नयेत. त्याच कागदाच्या वर तुझा "प्रवेश सुरू" अजून हाय. मी शिपायाला काढ म्हणले, तो म्हणला जूनपर्यंत ठेवायचा हुकूम हाय.

तुझे आईबाप फडावरनं आले. ऊसच नव्हता, हंगाम लवकर बंद पडला, उचल निम्मी बी फिटली न्हाई. मी तुझ्या बापाला सगळं सांगितलं. त्या दिवसापासून तो माझ्या हातचं खात न्हाई. मी घरी गेले की तुझी आई माझं ताट दारात सरकवून जाती. छावणीत मी हाय ते बरंच हाय.

आता हे नीट वाच. ह्यासाठीच पत्र लिहिलं.

मुकादम परवा घरी बसून गेला. तो मांजरसुंब्याचा पोरगा अजून अर्धाच कोयता हाय. तुझ्या पायाचं त्यांना कळलंय. ते म्हणतात, लंगडी असली तरी मोळ्या बांधता येतात, हुंडा मागणार न्हाई. तुझा बाप न्हाई म्हणला न्हाई. माझा तुझ्या बापावर हक्क होता दोन वर्षांचा, तो मीच मोडून खाल्ला. आता मी "थांब" म्हणले तर तो हसतो. बायनाबाईनं ऐकलं आन मला येऊन सांगितलं, जूनच्या पयल्या आठवड्यात लगीन उरकायचं म्हणतात.

तू अकरावीला अंबाजोगाईतच नाव घाल. मावशीला मी वेगळं पत्र टाकलंय, तिच्याशी वीस वर्षांत पयल्यांदा गोड बोलले, तिला बी झीट आली असंल. पोस्टाचं पुस्तक रजिस्टरनं पाठवलं, त्यावर तुझं नाव हाय, माझं पालक म्हणून हाय. अठरा झालीस की माझं खोडून टाक. संघाचं अजून एक वर्ष राहिलंय, कार्यक्रमाला बोलावलं तर कुबडी घेऊन जा, फोटो काढू दे. पैसे तुझे हायत, लाजू नको. लाजायचं काम मी केलंय, ते एका घरात एकीनं केलं की पुरे.

हितून तुला बोलावणं यील. "ये" म्हणून तू येणार न्हाईस हे त्यांना ठाऊक हाय. म्हणून माझं नाव काढतील. आजी आडवी पडली, आजीनं पाणी सोडलं, आजी तुझं नाव घेती, शेवटची घटका हाय, तोंड तरी बघून जा. तुझी आई रडून सांगंल. बाप बी सांगंल. तू लहानपणापासून निरोपावर इश्वास ठेवणारी पोर, म्हणून लिहिते.

येऊ नको. तो निरोप खोटा आसंल.

आन खरा आसला तरी येऊ नको.

छबुबाई